ऐकू आलं की बटण दाबा

४ ऑगस्ट
शेवटी प्रवेश मिळाला. वर्ग सुरू होऊन आठवडा उलटल्यावर कुणीतरी गळलं आणि माझा नंबर लागला. कानांची चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, एका वर्षाचा. शाळा पूर्ण केलेली असली की पुरतं. तो दाखला शोधायला मला अख्खं कपाट उपसावं लागलं.

बाटल्या भरायचा कारखाना बंद झाला तेव्हा आम्हा बायकांना हॉस्पिटलमधल्या अशा छोट्या अभ्यासक्रमांची माहिती द्यायला एक बाई आली होती. रक्त काढायचं काम होतं, पण मला रक्त बघवत नाही. कानात रक्त नसतं, म्हणून कान. यापलीकडे माझ्या निवडीला काही अर्थ नाही.

कारण मात्र पक्कं आहे. लेक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार वर्षांचा कोर्स. माझ्या माहेरी पदवी नाही, सासरी नाही, नवऱ्याच्या टायरच्या दुकानाला तर पदवीची गरजच नाही. लेकीला मिळणार. आईचा कारखाना बंद पडला म्हणून तिचं कॉलेज सुटलं, असं कुणी म्हणता कामा नये. एवढ्यासाठी या वयात पुन्हा बाकावर बसायचं.

७ ऑगस्ट
हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचा विभाग. खोलीत आणखी एक खोली आहे. बर्फाच्या गोदामासारखा जाड दरवाजा, आत एक खुर्ची, भिंतींना करडा स्पंज. एका बाजूला काच. आत पेशंट, बाहेर मशीन घेऊन आपण. मशीनमधून बारीकमोठे सूर सोडायचे. पेशंटला एकच सांगायचं: ऐकू आलं की बटण दाबा. दाबलं की आपल्याकडे दिवा लागतो, मग आपण आलेखावर खूण करायची. आलेख सरळ गेला तर कान ठीक, खाली उतरला तर नाही.

शिकवणाऱ्या मॅडम कडक आहेत. हसतात, पण त्याचा आपल्याशी संबंध नसतो. माझ्याबरोबर जोडीला एक मुलगा दिलाय, आधी पार्सलं पोचवायचा. त्याच्या मिश्या त्याच्यापेक्षा वयानं मोठ्या दिसतात, म्हणून सगळे त्याला मिशी म्हणतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकमेकांचे कान तपासले. मी नव्हते, तेव्हा माझे राहिले.

१० ऑगस्ट
आज मिशीनं माझी चाचणी घेतली. सुरुवातीला दोनतीनदा चुकले, मग ताल सापडला. सूर सोडण्याआधी मिशी ओठ आत घेतो आणि त्याचं कोपर हलतं, काचेतून स्पष्ट दिसतं. वीसेक वर्षं पट्ट्यापाशी उभं राहून बाटल्या पाहिल्यावर अशा गोष्टी नजरेतून सुटत नाहीत. आलेख सुरेख आला, फूटपट्टीनं आखल्यासारखा. मॅडमनी लांबूनच पाहिला आणि ‘ठीक’ म्हणाल्या. त्यांच्याकडून ‘ठीक’ म्हणजे पेढेच समजायचे, असं मिशी म्हणतो.

१९ ऑगस्ट
लेकीचं एक नवीनच सुरू झालंय. पुटपुटते. वाक्य सुरू करते आणि शेवट गिळून टाकते. हल्लीची मुलं सगळी तशीच, कानात गाणी लावून लावून बोलायचंच विसरली आहेत. नवऱ्याचं तसं नाही. तो दुकानातून हाक मारतो ती मला घरात ऐकू येते. माणूस कसा स्वच्छ बोलतो! मी आज लेकीला तसं ऐकवलं, तर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बाबांचा आवाज रेड्यासारखा आहे, आई.” हे मात्र नीट ऐकू आलं.

२ सप्टेंबर
सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोचते, म्हणून रोजची तपासणी माझ्याकडे आली. पेशंट यायच्या आधी आपण स्वतः हेडफोन लावायचा, एकेक सूर हळू आवाजात सोडायचा, दोन्ही बाजू नीट वाजतात का बघायचं, वायर हलवून खरखर येते का ऐकायचं. मॅडम म्हणाल्या, “मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. रोज कानानं ऐकायचं.” मला हे काम आवडलं. कारखान्यातही पट्टा सुरू करायच्या आधी मी असाच हात फिरवून बघायची.

४ सप्टेंबर
मशीन बिघडलंय. जाडे सूर येतात, मधले येतात, पण चार हजार हर्ट्झपासून पुढचे बारीक सूर येतच नाहीत. दोन्ही बाजूंना. दोनदा तपासलं, वायरी हलवल्या. मॅडमना सांगितलं. त्यांनी स्वतः ऐकायला हेडफोन उचलला तेवढ्यात वरून बोलावणं आलं, मग ‘शंका असेल तर पाठवा’ म्हणून निघून गेल्या. मशीन दुरुस्तीला गेलं. दिवसभराचे पेशंट परत पाठवावे लागले. मला वाईट वाटलं, पण जरा अभिमानही वाटला. चुकीच्या मशीनवर चाचणी झाली असती तर?

मिशी म्हणाला, “मावशी, तुमचे कान म्हणजे कान आहेत.”

११ सप्टेंबर
आज घरी एक गंमत झाली. मी कपडे पिळत होते, नळ सुरू होता, आणि लेक दारात उभी राहून बोलत होती. बराच वेळ बोलली. काहीतरी विचारत होती हे कळत होतं, कारण मध्येमध्ये थांबून माझ्याकडे बघायची. बहुतेक बादलीबद्दल असावं, जुनी गळते. दरवेळी ‘काय? काय?’ केलं की ती चिडते, म्हणून मी म्हटलं, “हो गं, हो. तुला योग्य वाटतं ते कर.”

तर तिनं येऊन मला मिठीच मारली. माझ्या ओल्या हातांसकट. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका बादलीपायी! पुन्हा काहीतरी बोलली, त्यात ‘बाबा’ एवढं कळलं. मी पुन्हा हो म्हटलं. किती दिवसांनी ती माझ्याशी इतकी गोड वागली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१५ सप्टेंबर
मशीन परत आलं. मशीनवाला स्वतः घेऊन आला. म्हणाला, काही बिघाड नाही, सगळे सूर ठणठणीत. मी त्याच्यासमोर हेडफोन लावला. बारीक सूर नाहीत. त्यानं लावला, म्हणाला, “येतायत की.” मी म्हटलं, “तुम्हाला यायचेच, तुमची कंपनी आहे.” मॅडमनी वाद नको म्हणून शेजारच्या खोलीतलं दुसरं मशीन आणवलं.

त्यातही तोच बिघाड. एकाच कंपनीचा माल, आणखी काय होणार. मशीनवाल्यानं आपला स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. चोर सापडला की असाच बघतो.

१६ सप्टेंबर
मॅडमनी आज वेगळाच विषय काढला. म्हणाल्या, “आपल्याकडे सगळ्यात अवघड पेशंट कोण? ज्याला ऐकू येत नाही तो? नाही. ऐकू न येता बटण दाबतो तो.” असे पुष्कळ असतात म्हणे. आपला हात हलताना बघून दाबतात, ताल पकडून दाबतात. लबाडी म्हणून नव्हे. समोरच्याला बरं वाटावं, आपण अडाणी दिसू नये, काम लवकर संपावं म्हणून. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण असं करतो हे माहीतच नसतं. त्यांचा आलेख सुरेख येतो आणि घरी मात्र सगळ्यांशी भांडणं.

मला अशा लोकांची गंमत वाटली. नाही आलं ऐकू तर नाही म्हणायला काय जातं? मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम माझ्याकडे बघून ‘हं’ म्हणाल्या आणि खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवायला शिकवलं.

२५ सप्टेंबर
आज पहिल्यांदा एकटीनं पेशंट घेतला. एक म्हातारे गृहस्थ, सुनेनं जबरदस्तीनं आणलेले. काही ऐकूनच घेईनात. मी त्यांच्या समोर बसले, तोंडाकडे बघायला लावलं, सावकाश समजावलं. मान डोलवू लागले तशी मी विचारलं, “काय सांगितलं मी?” तर गप्प. परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं, “म्हणजे नाही आलं ऐकू तर नाही दाबायचं?” मी म्हटलं, “नाही दाबायचं. कुणी रागावणार नाही.” चाचणी झकास झाली.

मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, परीक्षेनंतर इथेच एक जागा निघणार आहे, मन लावून करा. म्हणजे लेकीची पुढची वर्षं निघाली! घरी येताना मी उगाचच लांबच्या रस्त्यानं आले.

३ ऑक्टोबर
लेकीनं कपाट आवरायला काढलंय. अर्धे कपडे बाहेर, पुस्तकं एका खोक्यात. कधी नव्हे ती शिस्त लागली. मला बघून विचारलं, पुढच्या सोमवारी मी काहीतरी करीन ना; काय ते कळलं नाही. मी ‘करीन की’ म्हटलं. नंतर म्हणाली, “बाबांना सांगितलंस ना?” हे कळलं, कारण ती अगदी समोर होती. काय सांगायचं होतं ते काही आठवेना. मी म्हटलं, सांगते. विचारायला हवं होतं, पण ती इतकी खुशीत होती की मला तिचा मूड घालवायचा नव्हता.

७ ऑक्टोबर
मॅडमनी पेशंट संपल्यावर मला थांबवलं. मिशीला घरी पाठवलं. म्हणाल्या, “आत बसा.” मी बसले तर खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवलेली. समोर नुसता करडा स्पंज.

पहिले सूर आले. मी दाबलं. मग थोडे आणखी. मग काहीच नाही. मला वाटलं, मॅडमना फोन आला असेल. वाट बघत बसले. बराच वेळ गेला तरी दरवाजा उघडेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या बाहेर सूर सोडत आहेत.

हात बटणावर होता. ताल मला ठाऊक होता. दाबलं असतं तर चार खुणा मिळाल्या असत्या. मी बटण मांडीवर ठेवलं आणि हात बाजूला घेतले.

बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. अर्ध्या वाटेपर्यंत सरळ आणि मग दरड कोसळावी तसा खाली. दोन्ही कान. मी रोज असे आलेख काढते, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी विचारलं, “म्हणजे मशीन चांगलं होतं?”

“दोन्ही मशीनं चांगली होती,” मॅडम म्हणाल्या.

आज आणखी काही लिहिणार नाही.

८ ऑक्टोबर
काल रडले नाही, आज सकाळी दात घासताना रडले. लाज वाटली, हे मुख्य. त्या मशीनवाल्याची माफी मागायला हवी.

मॅडमना म्हटलं, मी नाव काढून घेते. त्या म्हणाल्या, “कशाला? चाचणीत कान पेशंटचे लागतात, तुमचे नाही. रोजची तपासणी मिशी करील. बाकीचं कानात यंत्र लावून जमेल, जमतं का ते बघू.” मग म्हणाल्या, “बाटल्यांच्या कारखान्यात कानात बोळे देत होते का?” देत होते. आम्ही ते खिशात ठेवायचो, कारण ते घातले की मैत्रिणींच्या गप्पा ऐकू यायच्या नाहीत. हे ऐकून मॅडम पहिल्यांदा माझ्याशी संबंध ठेवून हसल्या.

मला वाटलं होतं तेवढं सोपं नाही हेही त्यांनी सांगितलं. बारीक सूर गेले की स, श, फ, ट गळतात. जाड आवाजाचे पुरुष कळतात, बायकांची, मुलींची बोलणी अर्धवट कळतात. “तुम्हाला वाटत असेल, लोक पुटपुटतात,” त्या म्हणाल्या.

मला एकदम बादली आठवली. बादली अजून जुनीच आहे.

९ ऑक्टोबर
विभागात पेशंटना दाखवायला ठेवलेली दोन यंत्रं मॅडमनी मला लावली, आठवडाभरासाठी. केसांखाली दिसत नाहीत. रस्त्यावर आले तर माझ्याच चपला मागून कुणीतरी येतंय अशा वाजत होत्या. मी दोनदा वळून पाहिलं.

घरात शिरले तर नवरा दारातच. त्याच्या पायाशी नवी बॅग. “ही कसली बॅग गं? ही म्हणते सोमवारी चालली. कॉलेजातून नाव काढलंय म्हणते! तू हो म्हणालीस म्हणते!”

लेक आतून आली. “आईला सगळं सांगितलंय मी. महिना झाला. तीच तुम्हाला सांगणार होती.”

मी खुर्चीवर बसले आणि लेकीला म्हटलं, “माझ्यासमोर बस. परत सांग. सगळं, पहिल्यापासून.”

“तुला माहितीये ना सगळं.”

“तुझ्या बाबांना ऐकू दे. आणि मलाही.”

ती सांगू लागली. एक्सरे काढणाऱ्या तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दुसऱ्या शहरात, राहायची सोय आहे. पदवीत तिचा जीव रमत नाही, पहिल्या वर्षापासून नाही. ऑगस्टमध्ये एकदा ती मला न सांगता हॉस्पिटलमध्ये आली होती, मी घरी किल्ली विसरले होते म्हणून. काचेच्या दारातून तिनं मला पाहिलं. मी मशीनपुढे बसून मिशीला काहीतरी समजावत होते. “कारखान्यातून यायचीस तेव्हा तू पायपुसण्यावर नुसती उभी राहायचीस, आई. त्या दिवशी तू हसत होतीस. मला वाटलं, आपणही असं काहीतरी करावं जे करताना हसू येईल. पदवी नंतरही होईल. मी तुला घाबरत घाबरत विचारलं होतं. मला वाटलं होतं तू मला फाडून खाशील. आणि तू म्हणालीस, तुला योग्य वाटतं ते कर. त्याच्यावर मी इतके दिवस नुसती उडतेय.”

तिचा आवाज इतका बारीक आणि इतका लहान मुलीसारखा आहे हे मी विसरूनच गेले होते. प्रत्येक शब्दाला टोक होतं. किती वर्षं मी हे अर्धंच ऐकत होते? मला तिचा राग यायला हवा होता, यायची तयारीही होती, पण मी तिच्या आवाजाकडेच लक्ष देत राहिले.

नवरा म्हणाला, “शुक्रवारपर्यंत नाव परत घालता येतं म्हणाले कॉलेजवाले. मी फोन केलाय. हिच्या आईनं एकदा नाही म्हटलं की झालं.”

लेक माझ्याजवळ आली, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात तसाच थांबवला. “हे काय आहे कानात?”

“यंत्र. आजपासून.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं डोकं कुठे चाललंय ते मला दिसत होतं. मग तिनं अगदी हळू विचारलं, “आई, मी विचारलं तेव्हा तुला ऐकू आलं होतं का?”

नवराही माझ्याकडे बघत होता. त्याला बहुतेक कळलं होतं. मी नुसतं खरं बोलले असते तरी पुरलं असतं. तिनं बॅग स्वतःहून रिकामी केली असती, शुक्रवारच्या आत कॉलेजात गेली असती, आणि मला हवी ती पदवी आणखी अडीच वर्षांनी घरात आली असती. त्यासाठीच तर मी बाकावर जाऊन बसले. पण मग त्या दिवशीची मिठी तिनं नळाला मारली असं झालं असतं.

“आलं होतं की,” मी म्हटलं. “नाहीतर हो कशाला म्हणेन?”

नवरा टायर बघायला म्हणून बाहेर गेला. दुकानात दुरुस्तीला आलेला एकही टायर नव्हता.

मला पदवी हवी होती. अजूनही हवी आहे, इथे लिहायला हरकत नाही. मॅडमना यातलं काही सांगणार नाही, त्यांच्या हिशेबात मी आता पक्की खोटं बटण दाबणारी.

लेकीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि काहीतरी म्हणाली. यंत्र असूनही मला ते कळलं नाही. मी तिला दूर धरलं आणि म्हटलं, “नाही ऐकू आलं. परत सांग.”